इंजिन बांधले, पण फिरेना!

इंजिन चालू होत नाही आणि इंजिन फिरत नाही, ही दोन दुखणी वेगळी आहेत. पहिल्या दुखण्यात सेल्फ मारला की इंजिन घरघरते, फिरते, पण पेट घेत नाही. दुसऱ्यात नुसते ‘टक्’ होते, कधी तेही होत नाही. इंजिन जागच्या जागी दगडासारखे बसून राहते. जुन्या इंजिनाने असे केले तर माणूस म्हणतो, झाले त्याचे आयुष्य. पण बोअर केलेले, क्रँक घासलेला, बेअरिंग, रिंगा, गॅसकेट सगळे नवे घातलेले, कालच बांधून गाडीत बसवलेले इंजिन जेव्हा फिरत नाही, तेव्हा मालकाच्या पोटात गोळा येतो. कारण पैसे तर संपलेले असतात.

आपल्या वस्त्यांतून आज रिक्षा, छोटा टेम्पो, जुनी जीप, व्हॅन यांच्यावर पोट भरणारी घरे थोडीथोडकी नाहीत. कुणी कारखान्यातून कमी झाल्यावर मिळालेल्या पैशातून गाडी घेतली, कुणी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचे कर्ज काढले, कुणी बायकोच्या बचत गटातून रक्कम उभी केली. अशा घरात गाडी हे कमावते माणूसच असते. ते आजारी पडले की त्याच्यावर इलाज कसा होतो, हे घरातल्या सर्वांनाच थोडेफार कळले पाहिजे, असे आम्हांस वाटते. आम्ही स्वतः कारकून माणसे, पाना धरणाऱ्यांतले नव्हे. पण संघटनेच्या कामानिमित्त गॅरेजच्या पायरीवर बसण्याचे प्रसंग आमच्यावर पुष्कळ आले आणि बसल्या बसल्या जे पाहिले, विचारले, समजून घेतले, ते येथे मांडत आहोत.

नाशिकचे द्वारका म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे मिळतात तो चौक. पूर्वीचे राष्ट्रीय महामार्ग ३ आणि ५० यांची ही गाठ. २०१३ पासून डोक्यावरून उड्डाणपूल गेला, लांबच्या गाड्या वरून निघून जाऊ लागल्या, तरी खालची गर्दी काही हटली नाही. जिथे रस्ते मिळतात तिथे गाड्या थांबतात, आणि जिथे गाड्या थांबतात तिथे त्यांचे वैद्य दुकान थाटतात. त्यामुळे या भागात गॅरेज, स्पेअर पार्टची दुकाने, लेथवाले, बॅटरीवाले, नोझल-पंपवाले हाकेच्या अंतरावर सापडतात. गंमत अशी की हा जिल्हाच इंजिनाचा जिल्हा आहे. सातपूरला महिंद्राच्या गाड्या बनतात, इगतपुरीला त्यांचे इंजिन बनते. महिंद्राच्या जुन्या डिझेल जिपांत फ्रान्सच्या प्युजो कंपनीचा परवाना घेऊन बनवलेले इंजिन असे. डिझेलच्या नोझल बनवणारी सातपूरची मायको कंपनी तर २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते, पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून मायकोच आहे. कारखान्यात हेच इंजिन मोजून, तपासून, नोंद करून जोडले जाते. रस्त्यावरच्या गॅरेजात ते हाताच्या अंदाजाने जोडले जाते. अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो, कारण हात अनुभवी असतात. पण तो चुकला की त्याची किंमत गाडीवाला मोजतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या परिचयातील एक बांधव जुनी डिझेल जीप चालवीत असे. इंजिन ऑइल प्यायला लागले, चढाला दम लागू लागला, तेव्हा त्याने द्वारका परिसरातील एका गॅरेजात फुल इंजिनचे काम काढले. वहिनींनी बचत गटातून कर्ज उचलले आणि गळ्यातली पोतही ठेवली. पंधरा दिवसांनी इंजिन बांधून गाडीत बसले. चावी फिरवली. ‘टक्.’ पुन्हा फिरवली. पुन्हा ‘टक्.’ शेजारच्या गाडीची बॅटरी आणून लावली, तरी तेच. सेल्फ उतरवून दुरुस्तीवाल्याकडे नेला. तिथे तो मोकळा छान फिरला, पण गाडीत बसवल्यावर पुन्हा ‘टक्.’ शेवटी गॅरेजवाला म्हणाला, “नवीन काम आहे, इंजिन टाइट असणारच. दुसऱ्या गाडीला बांधून ओढा, गिअरमध्ये टाकून क्लच सोडा, आपोआप मोकळे होईल.” दोर बांधलाही गेला. तेवढ्यात वस्तीतील एक काका, एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मेकॅनिक, तिथे पोचले आणि म्हणाले, “बाबा रे, तो दोर आधी सोड.”

काकांनी दोर का सोडायला लावला, हेच या लेखाचे खरे प्रकरण आहे. पण त्यांनी सुरुवात केली ती बॅटरीपासून. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलून पाहिलीच होती ना, असे आम्ही विचारले. त्यावर ते म्हणाले, “बॅटरी बदलली, तारा तर त्याच आहेत ना?”

दिवा लागतो म्हणजे वीज आहे काय?

गाडीवाल्यांचा एक ठाम समज असतो की हेडलाइट झक्क लागतो म्हणजे बॅटरी चांगली. हा हिशेब चुकीचा आहे. ६० वॅटचा एक दिवा १२ व्होल्टवर फक्त ५ अँपिअर करंट घेतो. दोन दिवे, १० अँपिअर. आणि डिझेल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शेकडो अँपिअर ओढतो. म्हणजे टर्मिनलवर गंज चढला असेल, वायरचे दोन-चारच धागे टिकून असतील, तरी दिव्यापुरती वीज त्यातून जाईल, सेल्फपुरती जाणार नाही. चिंचोळ्या बोळातून सायकल जाते, बैलगाडी अडते, तसाच हा प्रकार.

मात्र हाच दिवा फार उपयोगी साक्षीदार आहे. हेडलाइट लावून ठेवावा आणि सेल्फ मारावा. दिव्यावर काहीच परिणाम झाला नाही आणि आवाजही आला नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही असे समजावे. दोष चावीच्या स्विचमध्ये, सेल्फवरच्या सोलेनॉइडमध्ये किंवा त्याच्या बारीक वायरमध्ये शोधावा. अलीकडच्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न लागू देणारा स्विच असतो, चावी न ओळखल्यास गाडी अडवणारी यंत्रणाही असते. तिथेही हेच लक्षण दिसू शकते. दिवा एकदम विझत आला आणि ‘टकटकटक’ असा भराभर आवाज झाला, तर बॅटरी उतरलेली किंवा जोड सैल. आणि दिवा मंद झाला व एकच भारदस्त ‘टक्’ झाला, तर सेल्फने जोर लावला, पण त्याला समोरून कोणीतरी धरून ठेवले आहे. ते धरणारे सेल्फच्या आतले असेल किंवा इंजिनाच्या.

मीटर असेल तर अधिक चांगले. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाऊ लागली तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ अवाजवी करंट ओढतो आहे.

आता नव्याने बांधलेल्या इंजिनाची खास गोष्ट. बॅटरीची एक तार चेसिसला जोडलेली असते. पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, म्हणजे चेसिसपासून ते विजेच्या दृष्टीने तुटलेले असते. म्हणून इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी असते. तिला गॅरेजात अर्थिंग पट्टी म्हणतात. इंजिन उतरवताना ती काढतात आणि चढवताना विसरतात! किंवा इंजिन रंगवून चकाचक करतात आणि पट्टी त्या रंगावरच आवळतात. रंगातून वीज जात नाही. मग ती परतीची दुसरी वाट शोधते आणि कधी ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जाते. सेल्फ मारल्यावर ही केबल गरम लागली किंवा जळाल्याचा वास आला, तर समजावे की पट्टीचा घोटाळा आहे. तपासणी सोपी आहे. जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला घट्ट लावून सेल्फ मारून पाहायचा. इंजिन फिरले तर एवढ्याशा पट्टीसाठी इंजिन खोलण्याचा प्रसंग टळला.

काकांनी हे सगळे दहा मिनिटांत केले. आमच्या बांधवाच्या जिपेत पट्टी जागेवर होती, लोखंड घासून चकचकीत होते. दिवा मंद होत होता, ‘टक्’ एकच होता. “विजेचे काम संपले,” काका म्हणाले. “आता हाताने विचारू.”

इंजिनाला हाताने विचारणे

इंजिन खरोखर जाम आहे का, हे सांगणारा सर्वात प्रामाणिक साक्षीदार म्हणजे माणसाचा हात. इंजिनाच्या पुढच्या बाजूला क्रँकची पुली असते, तिच्या मधोमध मोठा नट असतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवायची, गाडीच्या चाकांना दगड लावायचे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची दोनदा खात्री करायची. मग त्या नटावर गोटी पाना लावून लांब दांड्याने इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने सावकाश फिरवून पाहायचे. पेट्रोल गाडी असेल तर आधी सगळे प्लग काढायचे. डिझेल असेल तर नोझल काढायच्या. कारण त्या असताना सिलिंडरात हवा दाबली जाते आणि तिचाच जोर हाताला लागतो. मग जाम कुठला आणि दाब कुठला, हे कळत नाही.

नोझल काढल्या की आधी एक गोष्ट पाहावी, आणि तोंड लांब ठेवून पाहावी. सिलिंडरात पाणी आहे काय? स्लीव्हच्या खालचे रबर नीट बसले नसेल, हेडचे गॅसकेट गळत असेल, तर रात्री रेडिएटरमध्ये भरलेले पाणी सकाळपर्यंत सिलिंडरात उतरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो आणि पाण्याच्या भिंतीवर थांबतो. संध्याकाळी मोकळे फिरणारे इंजिन सकाळी जाम झाले, तर पहिला संशय पाण्यावर घ्यावा. नोझल काढून इंजिन फिरवले की ते पाणी पिचकारीसारखे बाहेर उडते, इंजिन मोकळे होते, आणि खरा दोष कुठे शोधायचा हेही समजते. अशा इंजिनाला दोर बांधून ओढले तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दोर सोडायला लावण्याचे हे एक कारण.

हाताला लागणारा अडथळा तीन प्रकारचा असतो. इंजिन फिरते, पण सगळीकडे सारखेच जड लागते, तर ते बहुधा नव्या रिंगांचे घर्षण असते. एका माणसाने लांब पान्याने दमाने फिरवता आले तर घाबरण्याचे कारण नाही. दुसरा प्रकार, इंजिन काही अंश मोकळे फिरते आणि एका ठरावीक जागी ठक्कन थांबते. उलट फिरवले तर दुसऱ्या बाजूने पुन्हा त्याच ठिकाणी येऊन थांबते. इथे काहीतरी आडवे येते आहे. टायमिंग चुकल्यामुळे उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो आहे, किंवा हेड बसवताना एखादा नट, वॉशर सिलिंडरात पडला आहे, किंवा फ्लायव्हीलच्या बाजूला कुणीतरी लांब बोल्ट लावला आहे. अशा वेळी जोर करायचा नाही. आवाज कुठून येतो ते ऐकायचे. तिसरा प्रकार, इंजिन तसूभरही हलत नाही. आमच्या बांधवाची जीप या तिसऱ्या प्रकारात होती. पान्याच्या दांड्यात पाइप घालून दोघे जण लटकले, तरी पुली हलेना. काकांनी सेल्फ पुन्हा उतरवला, तो फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकला आहे का ते पाहिले. तसेही नव्हते. मग त्यांनी खालून ऑइल काढले आणि चेंबर उतरवायला घेतले.

गॅरेजवाल्याचा चेहरा इथे उतरला, हे आम्ही पाहिले.

एका केसाएवढी जागा

क्रँक ज्या बेअरिंगांत फिरतो ती म्हणजे गोळ्यांची बेअरिंग नव्हेत. ते अर्धगोल पातळ पत्रे असतात, एक वर, एक खाली, मध्ये क्रँक. क्रँक आणि पत्रा यांच्यात ऑइलचा एक पातळ थर असतो आणि क्रँक त्या थरावर तरंगत फिरतो. या थराला किती जागा लागते? ढोबळ नियम असा की क्रँकच्या गोलाच्या व्यासाचा हजारावा भाग. ५० मिलीमीटरचा गोल असेल तर ०.०५ मिलीमीटर. माणसाच्या केसाची जाडीही साधारण इतकीच किंवा थोडी जास्त. एवढ्या जागेवर संसार चाललेला असतो!

झिजलेला क्रँक लेथवाला घासून एकसारखा करतो. तो जितका घासला, तितकी जाड बेअरिंग घालावी लागतात. हे माप आपल्याकडे थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात बोलले जाते: स्टँडर्ड, दहा, वीस, तीस. क्रँक दहा थाऊ घासला तर दहाची बेअरिंग. दहा थाऊ म्हणजे ०.२५ मिलीमीटर. समजा क्रँक दहाचा आहे आणि दुकानदाराने खोक्यातून वीसची बेअरिंग काढून दिली. मग जिथे ०.०५ मिलीमीटर मोकळी जागा हवी तिथे ०.२५ मिलीमीटर जाडी जास्त झाली. वरचा नट आवळला की क्रँक शेंगदाण्यासारखा चिमटीत धरला जातो. कसा फिरणार? उलट झाले, वीसच्या क्रँकला दहाची बेअरिंग घातली, तर इंजिन छान फिरेल, चालूही होईल, पण ऑइलचा दाब येणार नाही आणि थोड्याच दिवसांत खडखड सुरू होईल. आमच्या मते हा दुसरा घोटाळा अधिक वाईट. पहिला निदान गाडी गॅरेजात असतानाच ओरडून सांगतो.

काकांनी बेअरिंगच्या पाठीवरचे आकडे वाचले, क्रँक मायक्रोमीटरने मोजला. माप बरोबर होते. मग त्यांनी एक साधी युक्ती केली. चार सिलिंडरचे इंजिन, पाच मेन बेअरिंग. एकेक कॅपचे बोल्ट अर्धा आटा सैल करायचे आणि प्रत्येक वेळी पुली फिरवून पाहायची. पहिला सैल केला, काही नाही. दुसरा सैल केला, पाना जरासा हलला. तिसऱ्याने फरक पडला नाही. चौथा सैल केला आणि क्रँक तेलात बोट फिरावे तसा फिरला. दोषी दोन होते, दुसरा आणि चौथा. काकांनी दोन्ही कॅप काढून टॉर्चच्या उजेडात धरले. त्यांच्यावर कारखान्याचे अंक ठोकलेले होते. ‘२’ चा कॅप चौथ्या जागी आणि ‘४’ चा दुसऱ्या जागी!

दिसायला दोन्ही सारखेच. मग एवढे काय बिघडले, असे आम्हांलाही वाटले. काकांनी समजावले ते असे. कारखान्यात हे कॅप आधी ब्लॉकवर आवळतात आणि मग पाचही भोके एकाच ओळीत, एकाच वेळी तासून काढतात. त्यामुळे प्रत्येक कॅप आपल्या जागेशी लग्न लागल्यासारखा असतो. त्याची जागा बदलली, किंवा तोच कॅप उलट्या तोंडाने बसवला, तर भोक पूर्ण गोल राहत नाही. फरक केसाच्या अर्ध्याएवढा असेल, पण जागाच मुळी केसाएवढी आहे. कनेक्टिंग रॉडच्या कॅपांचेही तसेच. एका रॉडचा कॅप दुसऱ्याला चालत नाही. म्हणून इंजिन खोलतानाच कॅप ओळीने फळीवर मांडायचे, अंक नसतील तर पंचाने ठिपके ठोकायचे, ही जुनी शिस्त आहे. गॅरेजातल्या पोऱ्याने सगळे कॅप एकाच घमेल्यात टाकून रॉकेलने धुतले होते, हे नंतर कळले. त्या पोराला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला हे कुणी शिकवलेच नव्हते. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आपली मुले गॅरेजात पोऱ्या म्हणून लागतात तेव्हा त्यांना तिथवर नेण्याचे कामही कुणीतरी केले पाहिजे, असे आम्ही त्या दिवशी काकांपाशी बोललो.

दुसरी एक शिस्त काकांनी सांगितली, ती या सगळ्या प्रकरणाचे मूळच छाटून टाकणारी आहे. इंजिन बांधताना एक कॅप आवळला की क्रँक हाताने फिरवून पाहायचा. दुसरा आवळला की पुन्हा फिरवायचा. पहिला पिस्टन घातला की पुन्हा. असे प्रत्येक टप्प्यावर. ज्या टप्प्याला तो अडला, त्या टप्प्यातच दोष. वेळ किती जातो? एका चहाचा. आम्हांला हे ऐकून आमचा खतावणीचा धंदा आठवला. तेरीज जुळली नाही की कच्चा कारकून साऱ्या वह्या उपसतो. जुना कारकून रोजच्या रोज पानाची बेरीज मारून ठेवतो, म्हणजे फरक आला तर तो त्या दिवसाच्याच पानात सापडतो.

कॅप आपापल्या जागी गेले. त्या दोन जागांची बेअरिंग चिमटल्याने ओरखडली होती, ती नवी घ्यावी लागली. क्रँकला मात्र इजा नव्हती. कारण तो चिमटलेल्या अवस्थेत फिरलाच नव्हता. दोर बांधून ओढला असता तर सुक्या बेअरिंगवर तो घासला गेला असता, पत्रे जागेवरून सरकले असते, ऑइलची भोके झाकली गेली असती, आणि मग क्रँक पुन्हा लेथवर. म्हणजे वहिनींची पोत दुसऱ्यांदा सावकाराकडे.

बिलावर काय लिहून घ्यावे

आता भांडण. आम्ही बिल मागितले. बिलावर एकच ओळ होती, ‘इंजिन काम’, आणि खाली रक्कम. वाचकहो, अशा बिलाला काही अर्थ नाही. बिघाड झाला की फिटर लेथवाल्याकडे बोट दाखवतो, लेथवाला दुकानदाराकडे, दुकानदार फिटरकडे, आणि गाडीवाला द्वारकेच्या चौकासारखा मधोमध उभा राहतो. लेथचे बिल वेगळे असावे आणि त्यावर बोअर किती केला, क्रँक किती घासला ते माप असावे. स्पेअर पार्टच्या बिलावर बेअरिंग, पिस्टन, रिंगांचे माप असावे. बेअरिंगची रिकामी खोकी गॅरेजात टाकून न देता घरी आणावीत, त्यांच्यावर माप छापलेले असते. मजुरीच्या बिलावर तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर आणि किती दिवसांची हमी हे लिहून घ्यावे. लिहून मागायला लाजू नये. जुने काढलेले सामानही मागून घ्यावे. हे काम घरातल्या भगिनी अधिक चोख करतात, असा आमचा अनुभव आहे.

ग्राहक संरक्षण कायद्याची दारे गाडीवाल्याला बंद आहेत असा एक गैरसमज आहे, कारण धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला तो कायदा लागू होत नाही असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली, तो २०२० साली अमलात आला, आणि त्यातही हा खुलासा कायम आहे की केवळ स्वयंरोजगाराने आपली उपजीविका करण्यासाठी वस्तू विकत घेऊन वापरणारा माणूस ग्राहकच ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हा फरक उलगडून सांगितला आहे. स्वतः चालवून पोट भरणारा ग्राहक आहे, दुसऱ्याकडून चालवून नफा कमावणारा नाही. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करावी लागते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. आधी बोलून पाहायचे असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आमच्या बांधवाला तिथवर जावे लागले नाही. गॅरेजमालकाने आधी आवाज चढवला. मग काकांनी अंक ठोकलेले दोन्ही कॅप त्याच्यासमोर टेबलावर ठेवले आणि काही न बोलता चहा घेत बसले. मालकाने पुन्हा बांधण्याची मजुरी सोडली. बेअरिंगचे पैसे मात्र त्याने दिले नाहीत, ते आमच्या बांधवालाच पडले. आम्ही अडून बसावे असे काहींचे म्हणणे होते. पण जीप आणखी आठ दिवस उभी ठेवण्यापेक्षा हे बरे, असे वहिनी म्हणाल्या, आणि हिशेब त्यांचाच बरोबर होता.

दुसऱ्या वेळी काका स्वतः शेजारी उभे राहिले. प्रत्येक कॅपमागे क्रँक फिरवून पाहिला. बोल्ट टॉर्क पान्याने आवळले. तो पाना गॅरेजात होता, पण पेटीच्या तळाशी पडलेला होता! पहिल्यांदा चालू करण्याआधी डिझेल बंद ठेवून सेल्फ मारला, दहा सेकंद, मग थांबून पुन्हा दहा सेकंद, ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. सलग मारला तर सेल्फ जळतो आणि सुक्या बेअरिंगही घासतात. मग डिझेल सोडले. इंजिनाने पेट घेतला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. अर्धा तास ते जागेवर चालू ठेवून पाणी, ऑइल, गळती पाहिली. पहिले काही दिवस पूर्ण भार घ्यायचा नाही, गाडी दामटायची नाही आणि पाचशे किलोमीटरला ऑइल व फिल्टर बदलायचा, कारण नव्या रिंगांचा कीस त्यात उतरतो, असे काकांनी बजावले. आमचा बांधव म्हणाला, “काका, आत्ताच एवढा खर्च झाला, ऑइल हजार किलोमीटरला बदलले तर?” काका काही बोलायच्या आत वहिनींनी पिशवीतून वही काढली आणि जिपेच्या खर्चाच्या पानावर पुढची ओळ लिहून टाकली: पाचशे किलोमीटर, ऑइल आणि फिल्टर.